फुलपाखरं हवीत? मग पानं खाऊ द्या!

बाल्कनीत शोभेच्या कुंड्या लावल्या, तरी फुलपाखरू काही फिरकत नाही? चूक फुलांची नाहीये, पानांची आहे. खाडीकाठच्या रुई, घोळ नि खुळखुळ्याच्या दुनियेतला एक फेरफटका.

सोमवारची सकाळ, ऑफिसचं कॉफी मशीन आणि तोच तो प्रश्न, ‘‘मग, वीकेण्डला काय केलंस?’’ कुणी लोणावळा सांगतं, कुणी सेलमध्ये केलेली खरेदी. माझी एक मैत्रीण ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तिचं उत्तर गेली पाच वर्षं एकच आहे, ‘‘सुरवंट बघितले.’’ सुरुवातीला सगळे हसायचे. आता हसत नाहीत. म्हणजे हसतात, पण फोटोही मागतात.

मी मात्र तिच्या वाटेला जात नव्हते. कारण त्याआधीच्या वर्षी मी एक गुन्हा केला होता आणि तो तिला सांगायची हिंमत नव्हती.

झालं काय, माझ्या बाल्कनीत एकच झाड धड जगलं होतं. कढीपत्ता. आईने गावाहून डब्यात घालून आणलेलं रोप. एका पावसाळ्यात बघते तर पानांवर पक्ष्यांची घाण पडलेली. पुसायला गेले तर घाण चालायला लागली! मग आठवडाभरात तिथे बोटाएवढ्या हिरव्यागार, गुबगुबीत अळ्या. एकीला काडीने ढोसलं तर डोक्यामागून लाल दुभागलेली शिंगं बाहेर काढली नि असा काही उग्र वास सोडला, की बस! मी थेट नर्सरीत. ‘‘भैया, कीड लागलीय.’’ त्याने स्प्रेची बाटली दिली, मी मारला. सकाळी सात अळ्या फरशीवर पडलेल्या. सुपलीत भरून टाकून दिल्या नि कढीपत्ता वाचवल्याच्या आनंदात पोहे केले.

त्या कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराच्या अळ्या होत्या. आणखी दोन-तीन आठवडे कळ काढली असती, तर काळी, मखमली, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेली सात फुलपाखरं माझ्या ग्रिलमधून उडाली असती. आणि कढीपत्त्याचं म्हणाल तर त्याला महिन्याभरात नवी पालवी फुटतेच. पोह्यांना लागतो तितका तर कुठेही गेला नसता.

हे मला सांगितलं ते मैत्रिणीनेच. गेल्या सप्टेंबरात एकदाची मी कबुली दिली तेव्हा. ती रागावली नाही. म्हणाली, ‘‘शनिवारी सकाळी साडेसातला ये. फुल पॅण्ट घाल. आणि हो, तुझं ते परफ्यूम नको.’’

खाडीच्या काठावरची ‘ओसाड’ जागा

ठाण्याच्या खाडीच्या या बाजूला तुम्ही कधी फ्लेमिंगो बघायला गेला असाल, तर एक गोष्ट नक्की केली असेल. गाडीतून उतरून सरळ पाण्याकडे चालत सुटला असाल. मध्ये जी झुडपं लागतात, त्यांच्याकडे कोण बघतो? ना धड जंगल, ना बाग. सातबाऱ्यावर ‘पडीक’ आणि बिल्डरच्या भाषेत ‘डेव्हलपमेण्ट पोटेन्शियल’. खारफुटी संपते आणि रस्ता सुरू होतो, त्यामधला हा पट्टा. खारं वारं, उन्हाचा तडाखा, मातीत मीठ. इथे टिकतो तो गडी सॉलिडच असणार.

पहिला थांबा एका अस्ताव्यस्त, लोंबत्या फांद्यांच्या झाडापाशी. ‘‘हे पिलू. मिसवाक माहितीये ना? टूथपेस्टच्या जाहिरातीतलं? तेच.’’ मला वाटायचं मिसवाक आखातातून येतं. येतही असेल, पण ते आपल्या खाडीकाठीही मजेत वाढतं. आणि याच्याभोवती जमिनीलगत भिरभिरत होती छोटी, फिकट गुलाबीसर फुलपाखरं. सामन माशाच्या मांसाचा जो रंग, तोच. म्हणून नाव सॅल्मन अरब. त्यांची मादी अंडी घालते ती पिलूच्या पानांवर. या झाडाचा पट्टा साफ केला की तिथलं हे फुलपाखरूही गेलं. बाजूला तुम्ही लाख गुलाब लावा, ते येणार नाही.

हाच सगळ्या गोष्टीचा फण्डा आहे. फुलपाखरू मध कुठल्याही फुलातून पिईल, त्याबाबतीत ते आपल्यासारखंच आहे, कुठलाही कॅफे चालतो. पण पोरांच्या जेवणाचा प्रश्न आला, की भलतंच कडक. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान अक्षरशः चाखून बघते आणि ठरलेलं झाड असेल तरच अंडं घालते. कारण अंड्यातून निघालेली अळी दुसरं पान खाऊच शकत नाही. झाडांनी आपापल्या पानांत विषं भरून ठेवलीत. ज्या अळीच्या वंशाने ते विष पचवायची युक्ती हजारो पिढ्यांत शिकून घेतली, तीच तिथे जगते. बाकीच्या तोंड घालतात आणि मरतात.

रुईचं दूध पिणारे

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे रुई. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो ती. समुद्रकाठ, रेल्वेलाइन, बंद पडलेल्या मिलचं आवार, कुठेही उगवते. तिचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ते आजीला विचारा. या चिकात हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं. गुरंसुद्धा रुईला तोंड लावत नाहीत.

आणि प्लेन टायगरची अळी तीच पानं खाते! पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. मैत्रिणीने मला पान उलटं करून दाखवलं. बाईसाहेब आधी पानाची शीर कुरतडतात, चीक वाहून जाऊ देतात आणि मग निवांत नाश्ता करतात. तरीही जे विष पोटात जातं ते वाया जात नाही. अळी ते अंगात साठवते, कोषातून फुलपाखरू बाहेर येतं तेव्हाही ते त्याच्या अंगात असतंच. एखाद्या पक्ष्याने पकडून खाल्लं, तर त्याला उलटी होते आणि पुढे तो त्या केशरी रंगाकडे ढुंकून बघत नाही. म्हणूनच प्लेन टायगर इतकं आरामात उडतं. घाई कशाला? बिनधास्त!

आता या स्टोरीतला ट्विस्ट बघा. डॅनेड एगफ्लाय नावाचं एक फुलपाखरू आहे. त्याचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके. आणि मादी? हुबेहूब प्लेन टायगर. तोच केशरी रंग, तीच काळी-पांढरी टोकं. अंगात विषाचा थेंब नाही, नुसतं सोंग. पक्षी फसतात. मीही फसले, दोनदा. ओळखायची खूण म्हणजे मागच्या पंखांवर प्लेन टायगरला मध्यभागी काळे ठिपके असतात, हिला तसे नसतात.

तिची अळी काय खाते माहितीये? घोळ. हो, तीच लालसर देठांची, आंबटसर चवीची घोळूची भाजी, जी पावसाळ्यात मार्केटबाहेर बसलेल्या मावशींकडे मिळते आणि जी सोसायटीचा माळी तण म्हणून उपटून फेकतो. गंमत म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे फुलपाखरू थेट पहिल्या परिशिष्टात होतं, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, याद्या नव्याने मांडल्या गेल्या. पण तोवरच्या इतक्या वर्षांत फुलपाखरू पकडलं तर शिक्षा होती आणि घोळ उपटली तर? काहीच नाही. वाघाला वाचवा, हरणं संपवा, असला हा प्रकार.

पोरांना जेवण, नवऱ्यांना सेण्ट

त्या सकाळी दोन तासांत आम्ही जेमतेम पाचशे मीटर चाललो असू. ट्रेकर मंडळींना हे ऐकून फिट येईल. पण दर दहा पावलांवर काहीतरी होतं. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांशी दहा-बारा ब्लू टायगर आणि कॉमन क्रो लोंबकळत होते. फुलं नाहीत, मध नाही, मग करतात काय? सगळे नर. खुळखुळ्यात एक अल्कलॉइड असतं, ते सोंडेने ओढून घेतात आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात. ड्युटी फ्रीच्या परफ्यूम काउण्टरवर जशी पुरुषमंडळी चाचपडत उभी असतात, अगदी तसं दृश्य! त्याच खुळखुळ्याच्या फुलाशेंगांत पी ब्लू या निळ्या चिमुकल्या फुलपाखराची अळी राहते. तिच्या अंगातून गोड थेंब पाझरतात, ते चाटायला मुंग्या येतात, आणि ज्या अळीभोवती मुंग्यांचा पहारा तिला त्रास द्यायला सहसा कुणी येत नाही. सिक्युरिटीचा पगार गोडात!

बोरीवर कॉमन पिएरो. पांढऱ्यावर काळे ठिपके, ल्युडोचे फासे उडतायत असं वाटतं. कुंपणावर चढलेली वाघाटी, म्हणजे आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला जिच्या फळांची भाजी आमच्या एका मामींकडे आजही होते, ती. तिच्यावर ग्रेट ऑरेंज टिप आणि कॉमन गल. टाकळ्यावर मॉटल्ड एमिग्रण्ट आणि पिवळीधम्मक ग्रास यलो.

टाकळा बघून मला गाव आठवलं. आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर. पुळणीवर आधी मर्यादवेल पसरलेली, जांभळ्या फुलांची. तिचं नावच बघा ना, समुद्राची मर्यादा इथपर्यंत. तिच्यामागे केवडा, मग रुई, निर्गुडी, करवंदाची जाळी आणि मग आमची कलमं. आंब्यावर बांडगूळ आलं, की आजोबा कोयती घेऊन चढायचे. बरोबरच होतं त्यांचं, बांडगूळ झाड शोषतं. पण आजी दर वेळी एखादं ठेवायला लावायची. ‘‘आसांदे रे एक, सगळाच कित्याक काढतंस?’’ तिला कारण विचारलं तर सांगता यायचं नाही. आता मला कारण ठाऊक आहे. बांडगुळावर कॉमन जेझेबेल अंडी घालते. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा आणि कडेला लाल रंग, म्हणून मराठीत तिला हळदीकुंकू म्हणतात. डझनांनी अळ्या एकत्र वाढतात, एकत्र जेवतात. आजीला हे ठाऊक होतं का? नसावं. पण अंगणात हळदीकुंकू उडायचं, हे तिने पाहिलेलं होतं.

गर्द झाडी असेल, तिथे वेलींवर सापसंद मिळते. तिच्यावर क्रिमझन रोज वाढते, लालभडक अंगाची, तीही विषारी. आणि माझ्या कढीपत्त्यावर जिने अंडी घातली त्या कॉमन मॉर्मनच्या काही माद्या या क्रिमझन रोजचं सोंग घेतात. म्हणजे सापसंद तोडली, तर विषारी फुलपाखरू जातं आणि मग त्याच्या भीतीवर जगणाऱ्या सोंगाड्यांनाही पक्षी ओळखायला लागतात. एक वेल तोडल्याचे पडसाद कुठल्या कुठे.

चुकीचं झाड

‘‘पण हिरवळ तर हिरवळ ना? बागेतही झाडंच असतात,’’ मी म्हटलं. त्यावर तिने मला एअरपोर्टची गोष्ट सांगितली. लॉस एंजेलिसच्या. तुमच्यापैकी बरेच जण तिथे क्लायंटसाठी उतरला असाल. रनवे संपतो, त्याच्यापुढे समुद्रापर्यंत सुमारे तीनशे एकर वाळूच्या टेकड्या आहेत. पूर्वी तिथे सर्फरिज नावाची श्रीमंतांची वसाहत होती. जेट विमानांच्या आवाजामुळे १९६० आणि ७० च्या दशकांत घरं ताब्यात घेऊन पाडली गेली. उरले रिकामे रस्ते, वाळू आणि एक फुलपाखरू, एल सेगुंडो ब्लू. रुंदी जेमतेम इंचभर, आयुष्य काही दिवसांचं.

हे फुलपाखरू एका झुडपावर अवलंबून असतं, समुद्रकाठच्या रानटी बकव्हीटवर. उपासाच्या कुट्टूच्या कुळातलं हे झाड. त्याच्या फुलांत अंडी, अळी फुलंच खाते, कोष त्याच्याच बुंध्याशी वाळूत. सगळा संसार एका झुडपात. १९७० च्या दशकात टेकड्यांची धूप थांबवायला तिथे बकव्हीट लावलं गेलं, पण दुसऱ्या जातीचं! नाव तेच, झाड वेगळं. ते आधी फुलायचं, त्यावर दुसऱ्या किड्यांची पैदास व्हायची आणि ते मग या फुलपाखराच्या अळ्यांच्या ताटात हात घालायचे. १९७६ मध्ये ते अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेलं. मग चुकीचं झाड उपटून बरोबर झाड लावायची मोहीम झाली. फुलपाखरांची संख्या पुन्हा हजारांत गेली. आणि पुढे २००७ मध्ये दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर योग्य बकव्हीट लावलं, तर तिथे ते कुणी न सोडता आपलं आपण उगवलं. त्याच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूतल्या चुलत भावाच्या, झर्सीस ब्लूच्या नशिबात हे नव्हतं. टेकड्यांवर शहर वाढलं आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर ते कुणालाच दिसलं नाही.

आपल्याकडचं ‘चुकीचं झाड’ म्हणजे घाणेरी, टणटणी. अमेरिका खंडातून शोभेसाठी भारतात आणलेली. फुलपाखरं तिच्या फुलांवर तुटून पडतात, फोटो झकास येतात. पण पानं खायला आपल्या फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावर जात नाहीत आणि ती पसरते ती रुई, बोर, वाघाटीची जागा बळकावूनच. बार आहे, मेस नाही!

आमच्या सोसायटीचं ब्युटिफिकेशन

आता मुद्द्याचं. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या मागे, कंपाउण्ड वॉलपर्यंत वीसेक फुटांची पट्टी होती. त्यात पाच रुई, एक बोर, खुळखुळा, खाली घोळ आणि टाकळा. त्या शनिवारनंतर मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे जायला लागले. एका रुईवर अकरा अळ्या मोजल्या. वॉचमनकाकांना दाखवल्या, त्यांनी त्यांच्या मुलीला दाखवल्या, ती शाळेच्या वहीत चित्रं काढायला लागली.

आणि एका मंगळवारी सकाळी ग्रासकटरचा आवाज आला. कमिटीने लॉन आणि शोभेच्या पामचं काम दिलेलं. मी खाली पोचेपर्यंत तीन रुया आडव्या. मुलगी जिन्यात रडत होती. आम्ही दोघींनी चिकात हात घालून चार अळ्या शोधल्या आणि उरलेल्या झाडावर ठेवल्या. बाकीच्या सात मिळाल्या नाहीत.

मी सेक्रेटरीकाकांशी तावातावाने भांडले. ते शांतपणे म्हणाले, ‘‘अगं, साप निघतात. डास होतात. उद्या एखाद्या पोराला काही झालं तर तू जबाबदारी घेणार?’’ सापाचा मुद्दा मला खोडता आला नाही, खोटं कशाला बोलू? डासांचा आला. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती साठलेल्या स्वच्छ पाण्यात, आणि त्या पाण्याच्या ताटल्या आमच्या लॉबीतल्या शोभेच्या कुंड्यांखालीच होत्या. हे मी जनरल बॉडीत सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हशा पिकला. मग वॉचमनकाकांच्या मुलीची वही मी टेबलावर फिरवली. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. प्रत्येकाखाली तारीख. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी ती दोनदा बघितली.

तासाभराच्या आरडाओरड्यानंतर तोडगा निघाला. भिंतीलगतची आठ फूट राहील, मधून फरशीची पायवाट, जेणेकरून साप दिसेल, आणि एक वर्ष बघू. बारा फुटांवर पाम लागले. मी हरले की जिंकले, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा पट्टीने काय होतं? माहीमच्या खाडीकाठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळी डम्पिंग ग्राउण्ड होतं. झाडं लावली, वाढू दिली, १९९४ मध्ये ते लोकांना खुलं झालं आणि आज तिथे फुलपाखरं बघायला खास वाट वाकडी करून लोक जातात. फुलपाखराला सातबारा लागत नाही, झाड लागतं.

बाल्कनीवाल्यांसाठी, थोडक्यात. कढीपत्ता किंवा लिंबू लावा, कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय दोन्ही येतील. नशीब जोरावर असेल आणि जवळपास झाडी असेल, तर लिंबाच्या कुळातल्या झाडांवर ब्लू मॉर्मनही येतं, २०१५ मध्ये जाहीर झालेलं आपलं राज्य फुलपाखरू. पानफुटीची एक कुंडी ठेवा. रेड पिएरोची अळी चक्क तिच्या पानाच्या आत शिरून खाते, बाहेरून नुसता भुयाराचा नकाशा दिसतो. एक कुंडी मुद्दाम रिकामी सोडा, घोळ आपोआप येईल. नर्सरीवाला ‘कीड लागत नाही’ म्हणून जे झाड विकतो, ते घेऊ नका. स्प्रेची बाटली तर आणूच नका. आणि केसाळ, खाज आणणारा दिसला तर तो बहुधा पतंगाचा, त्याला हात लावू नका, बस. ओळख पटवायला आयझॅक केहिमकर यांचं बीएनएचएसने २००८ मध्ये काढलेलं भारतीय फुलपाखरांवरचं पुस्तक चाळा, सुट्टीच्या दुपारी त्यासारखा टाइमपास नाही.

परवा रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात सेक्रेटरीकाकू. हातात स्टीलची वाटी, वर ताटली झाकलेली. ‘‘हे बघ, आमच्या लिंबाच्या कुंडीत मिळालं. हे म्हणत होते फेकून दे. म्हटलं, आधी तुला दाखवू.’’ ताटली बाजूला केली. तळाशी लिंबाचं एक पान आणि पानावर चिमुकली, तपकिरी-पांढरी, पक्ष्याच्या घाणीसारखी दिसणारी अळी.

‘‘काकू, वाटीत नको. परत लिंबावरच ठेवा.’’

‘‘ते ठेवते गं. पण मला सांग, ही रोज किती पानं खाईल? लोणच्याच्या वेळेपर्यंत झाड राहील ना माझं?’’